दोन गुरु आणि एक पेटी

जळगांवांत गेल्या पौष महिन्यांत एका स्नेह्यांच्या घरीं पांचसात मंडळी जमली होती. निमित्त लहानसेंच होतें. त्यांच्या बहिणीची मुलगी पेटी वाजविते. वय वर्षें बावीस. आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेसाठीं तिनें सहा पदें बसविलीं होतीं, आणि तीं बाहेर जाण्यापूर्वीं घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या कानांवरून जावींत अशी तिच्या आईची इच्छा होती. पहिलीं तीन पदें ‘मानापमाना’तलीं, म्हणजे गोविंदराव टेंबे यांच्या चालींचीं, पुढचीं तीन ‘स्वयंवरा’तलीं, म्हणजे भास्करबुवा बखले यांच्या चालींचीं. गाणारें कोणी नव्हतें. पेटी आणि तबला, एवढाच सरंजाम. पाऊण तास ती वाजवीत होती आणि तेवढ्या वेळांत कोणी खोकलेंहि नाहीं.

वाजविणें संपल्यावर सर्वांनीं वाहवा केली. तिच्या आईचे मामा, ज्यांना घरांत सारे नाना म्हणतात, ते मात्र गप्प होते. वय ऐंशीच्या पुढें. आयुष्यभर शाळेंत गणित शिकविलें आणि आयुष्यभर गाणें ऐकलें, असे हे गृहस्थ. थोड्या वेळानें ते म्हणाले, “वाजविलेंस छान. पण पोरी, तूं कोणाची?”

तिला प्रश्न कळला नाहीं. नानांनीं तो उलगडून सांगितला. “टेंब्यांचें वाजवितांना तूं अगदीं टेंब्यांची झालीस. बुवांचें सुरू केलेंस आणि बुवांची झालीस. उद्यां तिसरा कोणी आला तर त्याचीहि होशील. मग तुझें म्हणून कांहीं आहे कीं नाहीं?”

“नाना, मला माझें वाजवायचेंच नव्हतें,” ती म्हणाली. “मला त्यांचें वाजवायचें होतें.”

यावर नाना कांहीं बोलले नाहींत. पानें मांडलीं गेलीं, भरीत आणि कळण्याची भाकरी आली, आणि गोष्ट तेवढ्यावर थांबली.

मला नानांचा प्रश्न प्रथम कठोर वाटला. जेवण होईपर्यंत तो खरा वाटूं लागला. दुसऱ्या दिवशीं एरंडोल, पारोळें करीत धुळ्याला जाणाऱ्या एस. टी.त बसलों तेव्हां तो केवळ पेटीपुरता नाहीं हें ध्यानांत आलें. परस्परांहून अगदीं निराळ्या प्रकृतीच्या दोन थोरांची सेवा ज्याला सारख्याच एकाग्रतेनें करतां येते, त्याची निष्ठा खरी मानावी, कीं ती एक प्रकारची चतुराई समजावी? एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत असें आपण म्हणतों. म्यानाची गोष्ट ठीक आहे. पण मनाचीहि तशीच असते काय?

ज्या वाचकांना हीं नाटकें आजीआजोबांच्या बोलण्यांतूनच ठाऊक असतील त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. दोन्ही नाटकें कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचीं. ‘मानापमान’ किर्लोस्कर नाटक मंडळीनें १९११ सालीं रंगभूमीवर आणलें, ‘स्वयंवर’ गंधर्व नाटक मंडळीनें १९१६ सालीं. पहिल्यांत भामिनी आणि दुसऱ्यांत रुक्मिणी झाले ते बालगंधर्वच. म्हणजे नाटककार एक, गळा एक, मधलें अंतर अवघें पांच वर्षांचें; बदलला तो चाली देणारा. आणि तेवढ्यानें सारी हवा बदलली. टेंबे (१८८१–१९५५) हे स्वतः पेटीचे नामांकित वादक. साकीदिंडीच्या ओळखीच्या वाटेवरून चालणाऱ्या मराठी पदाला त्यांनीं पूर्वेकडच्या ठुमरीचा आणि कजरीचा रस दिला. त्यांचा मुखडा पहिल्याच ऐकण्यांत जिभेवर बसतो. घरीं जातांना माणूस तो गुणगुणत जातो. बखलेबुवा (१८६९–१९२२) मुळांत मैफलीचे, ख्यालाचे. ‘स्वयंवरां’त त्यांनीं पदांना रागदारी बंदिशींचें अधिष्ठान दिलें. रुक्मिणीचें यमनांतलें पद घ्या, किंवा बिहागांतलें घ्या. तें संपूर्ण पाठ झालें तरी संपत नाहीं, कारण त्यांत गाणाऱ्यानें पुढें काय करावें याची जागा मोकळी ठेविलेली असते. एकाची चाल पूर्ण घडविलेल्या दागिन्यासारखी. दुसऱ्याची, बी पेरण्यासाठीं नांगरून ठेविलेल्या शेतासारखी.

माणसें म्हणून हे दोघे परके नव्हते. टेंब्यांनीं बुवांच्या मैफलींत पेटीची साथ केली आणि त्यांना गुरुस्थानीं मानलें. तेव्हां हें वैर नव्हे; भेद मात्र खरा आहे.

आणि या गोष्टीशीं आपल्या जळगांवचाहि थोडा संबंध आहे. बालगंधर्वांच्या बालपणाचा कांहीं काळ या गांवीं गेला आणि मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे पहिले धडे त्यांनीं येथेंच घेतले. आज येथील खुल्या नाट्यगृहाला त्यांचें नांव आहे आणि त्यांच्याच नांवानें येथें संगीत महोत्सवहि भरतो. असो.

त्या संध्याकाळीं, जेवणानंतर, मी नानांच्या खोलींत गेलों होतों. मीं त्यांना म्हटलें, “नाना, बुवांचेंच उदाहरण घ्या ना. फैजमहंमदखाँ, आग्र्याचे नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ, अशा तिघांकडे ते शिकले. तीन घराण्यांच्या तीन तऱ्हा. त्यांना कोणी विचारलें काय, कीं तुम्ही कोणाचे?”

नाना हसले. “विचारलें असेलहि. पण बुवांनीं तें तिन्ही पचविलें. गाणें ऐकून कोणी म्हणालें नाहीं कीं हा तुकडा आग्र्याचा आणि हा ग्वाल्हेरचा. तें बुवांचें गाणें झालें. हिनें कांहींच पचविलें नाहीं. दोन वाट्यांत दोन पदार्थ वाढून ठेविले आहेत, आणि वाढणारीचा हात कोठें दिसतच नाहीं.”

या उत्तरानें मी तेव्हां निरुत्तर झालों हें कबूल केलें पाहिजे. आपल्या परंपरेंत शिष्याचा मोठेपणा असाच मोजला जातो: गुरूकडून घेतलेलें त्यानें किती आत्मसात् केलें आणि त्यांतून स्वतःचें काय उभें केलें. नुसता नकलाकार आणि खरा शिष्य यांच्यांतला फरक तोच. पण विचार करतां करतां एक शंका आली. पचविण्याचा अर्थ, जें खाल्लें तें खाल्लेल्या स्वरूपांत उरत नाहीं. जो गुरूला पचवितो तो गुरूचें ऋण फेडतो हें खरें. पण त्याच्यांत गुरूचा चेहरा ओळखूं येईनासा होतो हेंहि तितकेंच खरें. मग ज्याला गुरूचा चेहराच जपून ठेवायचा असेल त्यानें काय करावें?

एस. टी.च्या खिडकींतून केळीचे मळे मागें पडून कपाशीचीं रानें दिसूं लागलीं आणि मला आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची आठवण झाली. निरक्षर बाई. जात्यावर, शेतांत, चुलीपाशीं त्या गाणीं रचीत आणि म्हणत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे स्वतः कवि. शाळा शिकलेले, प्रमाण मराठींत लिहिणारे, आपल्या काळच्या छापील कवितेच्या संस्कारांत वाढलेले. आईचीं गाणीं त्यांनीं आणि त्यांच्या मावसभावानें उतरून घेतलीं. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरांत वारल्या आणि १९५२ सालीं आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तीं गाणीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. आतां असा विचार करा. सोपानदेवांनीं आईचीं गाणीं ‘पचविलीं’ असतीं तर? त्यांना तें सहज जमलें असतें. लेवा बोलीचे कंगोरे घासून, आशय आपल्या वृत्तांत बसवून त्यांनीं आपला एक चांगला संग्रह केला असता आणि ‘मातेच्या चरणीं’ अशी अर्पणपत्रिका लिहिली असती. लोकांनीं त्यांना कृतज्ञ पुत्रच म्हटलें असतें. आणि महाराष्ट्राला बहिणाबाई कधींच भेटल्या नसत्या. ज्या हातानें स्वतःची कविता लिहिली त्याच हातानें आईची कविता, आईच्याच बोलींत, एक वेलांटीहि आपल्या वळणाची न करतां ठेवणें, यालाच मी पचविण्याहून निराळी अशी एक निष्ठा म्हणतों. तिच्यांत लेखकाचा हात दिसत नाहीं. तो दिसूं नये हाच तिचा हेतु असतो.

नाना म्हणतील, तो एक अपवाद. शिवाय तेथें आई होती. ठीक आहे. मी धुळ्याला उतरलों तेव्हां दुसरें उदाहरण आपण होऊन पुढें आलें. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं दर रविवारीं एक अशीं गीतेवर अठरा प्रवचनें केलीं. २१ फेब्रुवारीला पहिलें, १९ जूनला शेवटचें. तीं लिहून घेतलीं साने गुरुजींनीं. या दोन माणसांत वृत्तीचें साम्य किती? एक गणिताच्या रीतीनें विचार करणारा, शब्द तोलून वापरणारा, भावनेला एका हाताच्या अंतरावर ठेवणारा. दुसरा अमळनेरच्या शाळेंतल्या मुलांवर आईसारखी माया करणारा, ज्याचे डोळे पाणावण्यास निमित्त लागत नसे. असा मनुष्य कागद पुढें घेऊन बसला आणि त्यानें विनोबांचें विनोबांसारखेंच लिहिलें. ‘गीता-प्रवचनें’ वाचतांना मधेंच साने गुरुजी हुंदका देत आहेत असें कोठें वाटत नाहीं. पुढच्याच वर्षीं, १९३३ सालीं, नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यांत विनोबा नाहींत. तेथें पानोपानीं साने गुरुजीच आहेत.

मला या घटनेंत विशेष वाटतें तें हें. धुळ्याच्या त्या रविवारीं साने गुरुजी स्वतः बाजूस झाले, तें त्यांच्याजवळ स्वतःचें कांहीं नव्हतें म्हणून नव्हे. जवळ इतकें होतें कीं एका वर्षांत तें पुरासारखें बाहेर पडलें. ज्याचा हात रिकामा आहे तो बाजूस झाला तर त्याला आपण विनयी म्हणत नाहीं. ज्याचा हात भरलेला आहे त्यानें तो झांकून दुसऱ्याचें ताट धरलें तरच त्या धरण्याला कांहीं किंमत. मग नानांचा प्रश्न जरा निराळ्या रूपांत उभा राहतो. त्या मुलीचें स्वतःचें कांहीं आहे कीं नाहीं, हें या सहा पदांवरून ठरणार नाहीं. तें तिनें पुढें, तिच्या स्वतःच्या वेळीं दाखवावयाचें आहे. बाविसाव्या वर्षीं तिनें तें दाखविलेंच पाहिजे असा आग्रह आपण कां धरावा? आजकाल प्रत्येकानें पहिल्याच दिवशीं आपला ‘स्वतंत्र आवाज’ काढला पाहिजे अशी जी घाई सर्वत्र दिसते तिच्यांत नानांसारखा जुना रसिकहि नकळत सांपडला आहे असें मला वाटतें. आणि हें मी त्यांना सांगणार आहें, भरीत खाऊन झाल्यावर.

येथवर मी मुलीची बाजू घेतली. पण तिच्या योजनेंत एक दोष आहे आणि तो नानांनीं दाखविलेल्या दोषाहून मला अधिक गंभीर वाटतो. तो जोडी लावण्यांतला दोष आहे.

दोन गोष्टी शेजारीं ठेवल्या कीं एकीच्या प्रकाशांत दुसरी उजळते, हें खरें. आइसलंडचा पियानोवादक व्हिकिंगुर ओलाफसन यानें २०२० सालीं एक ध्वनिमुद्रिका काढली. तींत रामो आणि देब्युसी या दोन फ्रेंच संगीतकारांच्या रचना त्यानें एकमेकींत गुंफल्या आहेत. रामो १७६४ सालीं वारला, देब्युसी १८६२ सालीं जन्मला. मधें जवळजवळ शंभर वर्षें रिकामीं. एक दरबारी शिस्तीचा, दुसरा धुक्याचा आणि पाण्यावरच्या उजेडाचा. पण ऐकतां ऐकतां जुना माणूस अनपेक्षितपणें धीट वाटूं लागतो आणि नवा अनपेक्षितपणें नेटका. या जोडीला इतिहासाचाहि आधार आहे, कारण देब्युसीनें स्वतःच रामोला वंदन म्हणून पियानोसाठीं एक रचना केली होती आणि ती १९०५ सालीं प्रसिद्ध झाली. तेव्हां जोडी लावणें हें मुळांतच पाप नव्हे.

तथापि जोडीला एक खोड असते. ती प्रत्येकाचा अर्धाच भाग मागते. दोन मुलींच्या घरांत आपण हें नेहमीं पाहतों. थोरली शांत आणि धाकटी अवखळ, असें एकदां पाहुण्यांसमोर ठरून गेलें कीं थोरलीला हट्ट करण्याची चोरी होते आणि धाकटीनें कधीं खिडकींत बसून विचार केला तर तिला बरें नाहीं काय म्हणून विचारतात. दोघीहि आपापल्या अर्ध्या भागांत कोंडल्या जातात, आणि कोंडणाऱ्या आईबापांचा हेतु तर कौतुकाचाच असतो! ‘मानापमाना’च्याच इतिहासांत याचा एक मोठा दाखला आहे. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग झाला. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन नायक देशकार्यासाठीं एका रंगमंचावर आले, ही घटना खरोखरच उदात्त होती. पण लोकांच्या तोंडीं उरलें तें काय? कोण जिंकलें! एक मधुर, एक तेजस्वी. एक असा, दुसरा तसा. तीन महिन्यांच्या आंत, ४ ऑक्टोबरला, केशवराव वारले. वयाचीं अवघीं एकतीस वर्षें. तो वाद मात्र त्यांच्या मागें पिढ्यान्पिढ्या चालू राहिला. त्या रात्रीं केशवरावांनीं नाजूक असें काय गाइलें, किंवा बालगंधर्वांच्या गळ्यांत कोठें धार आली, हें कोणी विचारल्याचें मीं ऐकलें नाहीं. जोडीनें त्यांच्या वांट्याला जो अर्धा भाग दिला तेवढाच लोकांनीं ऐकला.

या मुलीनें नेमकें हेंच केलें होतें. टेंब्यांचीं तीन पदें तिनें निवडलीं तीं तिन्ही भामिनीचीं, लाडिक, लचकदार. ‘मानापमाना’चा नायक सेनापति आहे, त्याच्या तोंडीं वीरवृत्तीचीं पदें आहेत आणि त्यांना चाली याच टेंब्यांनीं दिल्या आहेत. त्यांतलें एकहि तिनें घेतलें नाहीं. बुवांचीं पदें निवडतांनाहि तिनें जीं अधिक भारदस्त तींच घेतलीं. परिणाम असा कीं पाऊण तासाच्या अखेरीस ऐकणारा म्हणतो, टेंबे गोड आणि बुवा गंभीर. हें खोटें नाहीं. पण एवढेंच सांगणें म्हणजे दोघांवरहि अन्याय करणें होय. ज्या माणसाला जाऊन सत्तर वर्षें झालीं तो आपली दुसरी बाजू मांडण्यास उठून येऊं शकत नाहीं. त्याच्या वतीनें निवड करणाऱ्यावर म्हणून अधिक जबाबदारी असते. ‘त्यांचें वाजवायचें होतें’ असें जी म्हणते तिनें त्यांच्या रचनांपैकीं आपल्या मांडणीला सोईस्कर तेवढ्याच घेतल्या, तर हात झांकला तरी मर्जी कोठें झांकली? पचविणाऱ्याचा हस्तक्षेप निदान उघड असतो. निवडणाऱ्याचा दिसत नाहीं.

हें सारें मीं तिला धुळ्याहून परत आल्यावर सांगितलें. अर्थात् एवढ्या लांबणीनें नव्हे. तिनें ऐकून घेतलें. मग म्हणाली, “काका, धैर्यधराचें एक पद मीं बसविलें होतें. चांगलेंहि झालें होतें. पण तें मधें आलें कीं दोन भाग वेगळे वाटेनात. म्हणून काढलें.” हें तिनें इतक्या सरळपणें सांगितलें कीं मला पुढें कांहीं बोलण्याचें कारणच उरलें नाहीं.

एक गोष्ट मात्र मला तिच्याबद्दल मुद्दाम नोंदविली पाहिजे, कारण नानांना ती जाणवली नसावी. पेटीला मींड नाहीं. दोन पट्ट्यांच्या मधला स्वर तिला काढतां येत नाहीं. याच कारणास्तव १९४० सालीं नभोवाणीनें तिला दाराबाहेर काढलें होतें आणि ती पुन्हां आंत यावयास तीन दशकें लागलीं. टेंब्यांच्या चालींत ही उणीव फारशी बोंचत नाहीं. त्या चाली पेटीवर बसणाऱ्या माणसाच्या आहेत. बुवांच्या यमनांत ती पावलोपावलीं बोंचते. अशा जागीं पेटीवाले साधारणपणें दोन उपाय करतात: एक तर बारीक मुरक्यांनीं ती जागा भरून काढतात, नाहीं तर भात्याचा दाब कमीजास्त करून मींडेचा आभास करतात. दोन्ही उपाय ऐकावयास बरे लागतात आणि दोहोंनाहि टाळी पडते. या मुलीनें दोन्ही केले नाहींत. गळा जेथें एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत गेला असता तेथें तिनें पहिला स्वर सोडला, क्षणभर कांहींच वाजविलें नाहीं, आणि मग दुसरा घेतला. ज्याला मूळ गाणें ठाऊक आहे त्याच्या कानांत ती मींड आपोआप भरली जाते. ज्याला ठाऊक नाहीं त्याला तेथें कांहीं तरी राहिलें आहे एवढें कळतें. आपल्या वाद्याची असमर्थता अशी उघडी ठेवणें बाविसाव्या वर्षीं सोपें नसतें. हातांत तयारी असतांना तर मुळींच नसतें.

महिन्याभरानें तिनें पुन्हां बोलाविलें. आतां पदें सात होतीं. धैर्यधराचें पद चौथ्या जागीं आलें होतें, आणि तिनें म्हटल्याप्रमाणेंच टेंबे कोठें संपले व बुवा कोठें सुरू झाले हें पहिल्यासारखें स्वच्छ कळेना. तिच्या आईला पहिलीच मांडणी अधिक ठसठशीत वाटली आणि तसें तिनें बोलूनहि दाखविलें. नाना भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनीं या खेपेस कोणाची म्हणून विचारलें नाहीं.

“यमनांतलें पुन्हां एकदां वाजव,” ते म्हणाले, “आणि त्या तबलजीला सांग, जरा हळू.”